काचेचं दुसरं टोक

मोठी काच जिन्यावरून न्यायची तर दोघं लागतात. एक सरळ चालतो, दुसरा उलटा. सरळ चालणारा बोलत राहतो, "पायरी. अजून एक. आता वळण, डावा खांदा आत घे." उलटा चालणारा नुसतं ऐकतो आणि पाय टाकतो. आमच्या जोडीत बोलणारा मी. दुकानात मला भोंगा म्हणतात आणि माझ्या जोडीदाराला अबोल्या. ही नावं पाडणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही.

दोघांचीही लग्नं व्हायच्या आधीपासून आम्ही बरोबर. जिन्यात आमच्या हातून काच कधी फुटली नाही, आणि त्याबद्दल एकमेकांजवळ कधी चकार शब्द काढला नाही. काम झालं की चहा, चहा झाला की घर.

मग मालकांच्या मुलीने कारभार हातात घेतला आणि नवीनच टूम काढली. शनिवारी संध्याकाळी घरच्यांसकट सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराबद्दल दोन शब्द चांगले बोलायचे. मी नाक मुरडलं. भाषणं ठोकायला आम्ही काय पुढारी?

अबोल्या तेव्हा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. सहज गंमत म्हणून त्याला सांगायला गेलो, तर त्याचा चेहराच उजळला.

"तू बोलशील ना?"

"तिथे कशाला? आत्ताच बोलतो, ऐक."

"इथे नको. तिथे बोल, सगळ्यांसमोर." त्याने स्वयंपाकघराकडे मान केली. "हिला ऐकू दे. मला खुर्चीत बसवून न्या, पण मी येणार."

वहिनींचं एक ठरलेलं वाक्य होतं. पाहुणे आले, नवऱ्याच्या कामाचा विषय निघाला, की म्हणायच्या, "यांचं काय काम, नुसतं दुसरं टोक धरायचं." मनाने वाईट नाहीत त्या, थट्टेनेच म्हणायच्या. तोही हसायचा, मीही हसायचो. ते त्याला आत कुठेतरी लागत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी भाषण पाठ केलं. आरशासमोर उभं राहून. माझी बायको म्हणाली, "माझ्याबद्दल कधी असं बोलला नाहीत ते." तिचंही बरोबर होतं.

शनिवारी सकाळी तो गेला.

शववाहिकेबरोबर एकच माणूस आला होता. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. तो वरच्या बाजूला लागला, मी खालच्या. वहिनी जिन्यातल्या चपला बाजूला सारायला पुढे उतरल्या. बाकीचे मागून येत होते.

जिना उतरताना खालच्या माणसाला उलटं चालावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. पहिल्याच पायरीला पाय अधांतरी राहिला. टेकेपर्यंत जीव टांगणीला. वरचा माणूस एक अक्षर बोलेना. त्याचा काय दोष, त्याला कुठे ठाऊक की बोलावं लागतं. कशीबशी पहिल्या वळणापर्यंत मजल मारली. मी थांबलो. मला रडू आवरेना.

माझ्या पाठीमागून, खालच्या पायरीवरून वहिनींचा आवाज आला. "काय झालं, भावोजी?"

"मागचं काही दिसत नाही, वहिनी. कुणीतरी सांगावं लागतं." मी स्ट्रेचर घट्ट धरून ठेवलं. "हा जन्मभर असाच चालला. तोंडासमोर काच आणि पाठीमागे जिना. मी सांगायचो आणि हा पाय टाकायचा. एकदासुद्धा त्याने वळून बघितलं नाही. आमची काच फुटली नाही ती याच्यामुळे. दुसरं टोक म्हणजे हे, वहिनी."

पाठ केलेलं भाषण बरंच मोठं होतं. बाकीचं काही आठवलं नाही.

मग माझ्या पाठीला त्यांचा हात लागला.

"पायरी," त्या म्हणाल्या. "अजून एक. अजून एक. आता वळण आहे, जपून."

मी पाय टाकत गेलो. तळमजल्यापर्यंत त्या सांगत राहिल्या, एकही पायरी चुकवली नाही.

"संपल्या पायऱ्या," शेवटी त्या म्हणाल्या. "आता सपाट आहे, अहो."

मला त्या भावोजीच म्हणतात.