तीन दिवसांसाठी नेलेलं छप्पर

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, शेळीच्या काळ्या केसांचा, वीस हात लांब. आम्ही सहा पट्टे एकमेकांना शिवले की वादीत, म्हणजे वाळवंटातल्या कोरड्या दरीत, राहणाऱ्या माणसाच्या घराचं, म्हणजे तंबूचं, छप्पर होतं. हसू नका. उन्हात माझी वीण सैल पडते, वारा आत येतो, चुलीचा धूर बाहेर जातो. पावसात केस फुगतात, वीण मिटते आणि थेंब आत येत नाही. तुमच्या सिमेंटला हे जमतं का, विचारून पाहा.

मला उम्म धाहिर नावाच्या बाईने विणलं. अख्खा हिवाळा ती चातीवर केस कातत होती. मी तिच्या अंथरुणावरचं छप्पर. नवरा आयुष्यभर कुरकुरला, पट्टा एकदाही नाही, असं ती शेजारणींना सांगायची.

मग अम्मानहून इंजिनीयर रमझीसाहेब आले. उन्हाळ्याअखेरच्या उत्सवासाठी त्यांना लाकूड आणि कापडाचा तात्पुरता मंडप उभारायचा होता, स्थानिक कारागिरीपासून प्रेरणा घेऊन. प्रेरणेला आमची हरकत नव्हती. त्यांनी प्रेरणेबरोबर मलाही घेतलं. नवा पट्टा विणून देते, असं उम्म धाहिर म्हणाली; पण त्यांना धुराचा वास असलेला अस्सल हवा होता. तीन दिवसांत परत आणतो, मावशी, असं ते तिचा चहा पीत तीनदा म्हणाले. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. तिने आपल्या हाताने शिवण उसवली आणि उघड्या जागी पोती टाकली.

मंडप देखणा होता, लाकडी कमानी तर फारच. पण मला उन्हात धरल्यावर साहेबांना माझ्यात हजारो भोकं दिसली. त्यांनी माझ्या पाठीला डिंक फासून प्लास्टिक चिकटवलं. उद्घाटनाला पाहुणे आत वाफेवर शिजले आणि भाषण अर्ध्यावर सोडून आचाऱ्यांच्या साध्या काळ्या केसांच्या तंबूत जाऊन बसले. भाषणाचा विषय होता, श्वास घेणारं छप्पर.

मी तीन महिन्यांनी घरी पोचलो. उम्म धाहिरने सुरीने प्लास्टिक सोललं, तसे माझे केसही उपटून आले. डिंक मात्र राहिला. पाऊस आला तेव्हा मी फुगायचा फार प्रयत्न केला, मित्रांनो. जमलं नाही. थेंब तिच्या अंथरुणावर पडले, पिठावर पडले. तिने अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. त्यापेक्षा ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच पावसात रमझीसाहेब पुन्हा आले. मंडपाला बक्षीस मिळालं होतं. पुढच्या उत्सवाला दोन पट्टे हवे होते. तिने त्यांना कॉफी दिली आणि नेमकं माझ्याखाली बसवलं. पेल्यात थेंब पडला. साहेबांनी वर पाहिलं.

"मावशी, गळतंय वाटतं."

"तुझी प्रेरणा आहे ती," उम्म धाहिर म्हणाली. "बाळा, या खेपेला तुझ्याच घराचं छप्पर काढून ने. तेही अस्सलच असेल की."

साहेब हसले. ती हसली नाही, तेव्हा तेही थांबले.

मित्रांनो, कुणाच्या छपराचं कौतुक वाटलं तर जरूर करा. फक्त त्याआधी एक पाऊस त्याच्याखाली बसून काढा, आणि उठताना ते जागेवरच राहू द्या.