जुन्या गटातली नात

जवळा बाजारच्या अलीकडच्या वस्तीवर सिंधूबाईचा शब्द खाली पडत नसे. सून रागिणी बी.एड. झाली आणि पुढं एम.एड.ला नांदेडला जाते म्हणाली, तेव्हा भावकीची तोंडं वाकडी झाली. सिंधूबाईनं त्यांना उंबऱ्यातच थोपवलं. "माझी सून शिकंल. मेंढरं मी पाहीन, लेकरू मी पाहीन. तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?"

नात सत्यशीला मग आजीच्याच पदराखाली वाढली.

पुढं रागिणीनं प्रबंधासाठी गावचीच शाळा धरली. वाचन शिकवायची नवी रीत तिनं काढली होती. मेंढवाड्याची, बाजाराची चित्रं आणि आपल्या बोलीतल्या गोष्टी. पण दुसरीच्या वर्गाचे दोन गट केले. एकाला नवी रीत, दुसऱ्याला जुनी घोकंपट्टी. शेवटी दोघांची परीक्षा, म्हणजे फरक कळतो. चिठ्ठ्या टाकल्या. सत्यशीला जुन्या गटात निघाली.

"गावच्या लेकरायला तूप, आन् पोटच्या पोरीला ताक?" सिंधूबाई कडाडली.

"चिठ्ठीच तशी निघाली, आत्याबाई. बदलली तर सगळं खोटं ठरंल."

"ठरू दे खोटं! तुझ्या पदवीपायी माझी नात मागं ठेवायची व्हय?"

दुसऱ्या दिवशी नातीचं बकोट धरून ती शाळेत गेली आणि चित्रांभोवतीच्या लेकरांत तिला बसवून दिलं. नांदेडचे मार्गदर्शक सर खुर्चीत बसून पाहत होते. रागिणीनं सासूकडं पाहिलंच नाही. पोरीला उठवलं, पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि परत येऊन गोष्ट पुढं चालू केली.

"शाब्बास," सर म्हणाले. "संशोधक असाच पाहिजे."

परीक्षेत नव्या गटाची लेकरं खळखळ वाचू लागली. जुना गट अडखळला. तो अडखळला म्हणूनच तर फरक भरला. रागिणी एम.एड.ला पहिली आली. सरपंच माणिकरावांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. सिंधूबाई सत्काराला गेली नाही. मेंढरं काय सरपंच राखणार होता?

त्या संध्याकाळी रागिणीनं पोरीला जवळ बोलावलं. "ये बाई, आता तुला शिकवते."

सत्यशीला हाताची घडी घालून ताठ उभी राहिली. "मी जुन्या गटातली हाय, मॅडम."

रागिणीची मान सासूकडं वळली.

"माझ्याकडं काय बघतीस?" सिंधूबाई म्हणाली. "म्या न्हाई शिकवलं तिला. तूच शिकवलंस. आन् बराबर शिकवलंस."