भुलेश्वरच्या चौकातली फुगडी

अणशीची देवकी फुगडीला उभी राहिली की समोर यायला बाया कचरत. तिच्या पायांत वारं होतं आणि मनगटांत लाकडं तोडून आलेली ताकद. एकदा हात अडकवले की समोरचीला गरगरल्याशिवाय ती सोडत नसे. गौरीच्या दिवसांत रान तुडवत लांबलांबच्या वाड्यांवरून बाया तिची फुगडी बघायला येत.

बाजाराच्या गावी, सुप्याला, पुंडलिक शेटचं भाताचं आणि हिरड्याचं दुकान होतं. देवकी तिथं रानातली शिकेकाई विकायला जाई, तेव्हा शेटची बायको शकुंतला तिला परसात बसवून चार गोष्टी करी. त्या वर्षी शकुंतलेची लेक अनुसया मुंबईत पहिल्यांदा गरोदर होती. माहेरी यायचा एवढा प्रवास तिला झेपणार नाही असं वैद्यानं सांगितलं, म्हणून आईनंच तिकडे जायचं ठरलं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला शकुंतलेला देवकीसारखे हात हवे होते.

"येशील काय गं माझ्यासंगं?"

"येते की अक्का. पर मुंबईत लोक नाचतात कसं ते मला बघायचं हाय. तेवढं दावायचं."

"बाळंतपणाला नेतेय मी तुला, नाचायला न्हवं."

"ते झाल्यावर," देवकी म्हणाली. तिचा नवरा लखू शेताचं बघायला तयार होता, त्यामुळे तिला दुसरी चिंता नव्हती.

लोंढ्याला दोघी गाडीत बसल्या. गिरगावात अनुसयेच्या दोन खोल्यांत पोचल्या आणि श्रावणात मुलगी झाली. देवकीनं बाळंतिणीला शेक दिला, पोरीला तेल चोळून चोळून गुटगुटीत केलं. बारसं उरकलं तसं तिनं शकुंतलेला बोललेल्या गोष्टीची आठवण दिली.

जावई अर्जुन कापडाच्या पेढीवर कारकून होता. सभ्य, नीटनेटका माणूस. तो अवघडून म्हणाला, "मावशी, इथं चांगल्या घरच्या बायका नाचत नाहीत. नाच बसून बघायचा असतो."

"मग बसून बघू," देवकी म्हणाली.

त्यानं दोघींना नाटकाला नेलं. वर बायकांच्या सज्जात बसून देवकीनं रंगमंचावरची नाजूक नायिका डोळे भरून पाहिली. पदर सावरण्याची तिची तऱ्हा, मान वळवून टाकलेलं पाऊल, सगळं तिला फार आवडलं. नाटक सुटल्यावर अर्जुननं सांगितलं, की ती बाई नसून पुरुष होता. रस्ताभर देवकी आपला पदर पुन्हापुन्हा तसा घेऊन बघत होती. घराच्या जिन्यात ती म्हणाली, "पदर मात्र माझ्याहून बरा घेतो."

दुसऱ्या एका रविवारी अर्जुन त्यांना समुद्रावर घेऊन गेला. तिथं एका मोठ्या हॉटेलाच्या उघड्या खिडकीतून बाजा ऐकू येत होता. आत साहेब आणि मडमा एकमेकांच्या कमरेला धरून फिरत होते. शकुंतलेनं लगेच तोंड फिरवलं. देवकी मात्र टाचा उंचावून बघत राहिली.

"एकमेकास्नी धरलंय कशाला? पडतील म्हणून?"

"रीत आहे त्यांची," अर्जुन कसाबसा म्हणाला.

"मग जरा जोरात तरी फिरायचं. एवढ्या हळू फिरून पडतंय कोण?"

शकुंतलेच्या पदराआडून हसू फुटलं. तेव्हा तिलाही मौज वाटायला लागली होती, पण ती तसं कबूल करत नव्हती.

मग नवरात्र बसलं. भुलेश्वरजवळच्या एका चौकात दिवेलागणीला गुजराती बायका जमत. मधोमध छिद्रं पाडलेला मातीचा घट, त्यात दिवा, आणि भोवती टाळ्या देत, वाकत, गात फिरणाऱ्या बाया. देवकीनं ते पाहिलं आणि तिचे पाय जागच्या जागी हलायला लागले. मुंबईत पहिल्यांदाच तिला आपल्यासारख्या बाया दिसल्या होत्या. कुणासाठी नाही, स्वतःसाठी नाचणाऱ्या.

ती सरळ कड्यात शिरली. पण तिचा वेग त्या चालीत बसेना. टाळी चुकली, पुढचीच्या टाचेवर पाय पडला. खांद्यावर गाठ मारलेलं तिचं आखूड लुगडं बघून दोघी-तिघी हसल्या. देवकी बाजूला झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अणशीत तिला नाचताना कुणी कधी हसलं नव्हतं.

गाणं थांबल्यावर त्यांच्यातली एक वयस्क बाई तिच्याकडे आली. केशर तिचं नाव. मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "तुमच्या गावात कसा नाचते? दाखव ना."

"एकटीला येत न्हाई. समोर कुणीतरी लागतंय." देवकीनं हात पुढे केले. केशरनं तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि हसून मानेनंच नको म्हटलं.

शकुंतला हे सगळं बघत होती. हातातली नात तिनं शेजारी उभ्या अनुसयेकडे दिली, पदर कमरेला खोचला आणि पुढे आली. अनुसया आईकडे बघतच राहिली. खानापूरला माहेरी असताना शकुंतलेची फुगडी नावाजलेली होती, हे लेकीला कधी कळलंच नव्हतं. दुकानदाराची बायको झाल्यापासून ती खेळलीच नव्हती.

"अक्का, जपून हं," देवकी हळूच म्हणाली.

"तू जप," शकुंतला म्हणाली.

हात अडकले, पावलं जुळली, दोघी मागे रेलल्या आणि फिरू लागल्या. आधी सावकाश, मग भोवतीचे चेहरे पुसून जावेत इतक्या वेगात. तोंडानं फू-फू चालू झालं. बायांनी त्यावर टाळ्यांचा ठेका धरला. शकुंतला सुटली नाही, गरगरलीही नाही. शेवटी देवकीच म्हणाली, "पुरे, अक्का."

अर्जुन पेढीवरून येऊन कोपऱ्यात उभा होता. शेजारच्या गृहस्थानं विचारलं, "कोण हो त्या?"

अर्जुन एक पाऊल पुढे आला. "माझ्या सासूबाई," तो म्हणाला, जरा मोठ्यानंच.

दसऱ्यापर्यंत त्या चौकात रोज गरबा झाला की फुगड्या होत. केशरनं देवकीला टाळी आणि वाकण्याचा मेळ शिकवला, आणि स्वतः फुगडीत दोनदा आपटली, तरी पुन्हा उभी राहिली.

गावी परतल्यावर सुगी संपली, तेव्हा अणशीच्या खळ्यावर देवकीनं बायांना गोल उभं केलं आणि त्या टाळ्या शिकवल्या. गुजराती शब्द तिला आठवत नव्हते, म्हणून तिनं त्याच चालीवर भाताच्या लोंब्या, रानडुकरं आणि लखूच्या घोरण्याचं गाणं रचलं. बाया हसून हसून वाकत होत्या, आणि वाकायचं तिथं नेमकं वाकणं होत होतं. लखू खळ्याच्या कडेला बसून ऐकत होता. आपलं नाव आलं की तो मान खाली घालायचा, आणि पुढच्या कडव्याला पुन्हा वर बघायचा.