देवीपुढे अडकलेला बाण

"तिरुमेनी, देवीपुढे ठेवलेला लॅपटॉप चार्जिंगला लावलेला चालतो का?"

आर्द्राची हा प्रश्न पुजाऱ्यांना विचारायची छातीच होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारला. मागे खांबाआड खुसखुस झाली. तिरुमेनी मात्र शांतपणे म्हणाले, "मोळे, पूजेला ठेवलं ते ठेवलं. आता विजयादशमीलाच ये."

हे मी रेशमी कापडाच्या गाठोड्यात, गणिताच्या पुस्तकाखाली, अंधारात ऐकलं. मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर फिरणारा, पांढऱ्या अंगाचा, काळ्या काठाचा. मला हात नाहीत, पाय नाहीत. कुणाचं बोट फिरलं तरच मी फिरतो.

आर्द्राचे अच्छन, म्हणजे वडील, शारजाहून आले, तेव्हा साबण आणि खजुरांच्या मधे बसून मीही पालक्काडला आलो. आर्द्रा तेव्हा एवढीशी होती. माझ्यामागे तिचं बोट असं धावायचं, की मी पडद्याच्या काठावर जाऊन आपटायचो. पुढे त्याच बोटाने तिने पडद्यावर कपाळाला सोनेरी नेट्टीपट्टम बांधलेला हत्ती काढला आणि शाळेच्या मेळ्यात चित्रकलेत पहिली आली. कौतुक तिचं झालं. पण सोंडेचं ते वळण मी घेतलं होतं, हे कुणाच्या ध्यानात नाही. असो.

यंदा मेळा पूजेनंतर लगेच होता. आर्द्राने अष्टमीला लॅपटॉपची नवी प्रणाली चढवायला घेतली आणि ती अंघोळीला गेली. पडद्यावर लिहिलं होतं, काम चालू आहे, बंद करू नका. पण बाहेर दिवेलागण होत आली होती.

"सगळ्यांची पुस्तकं देवळात गेली, आपलीच राहिली," म्हणत अम्माने झाकण लावलं. "हेही विद्येचंच साधन की."

मी ओरडणार तरी कसा? बॅटरी संपत गेली. माझ्याबरोबर ते अर्धवट कामही विझलं.

विजयादशमीला आर्द्राने तांदळात बोटाने हरिश्री, म्हणजे विद्यारंभाची अक्षरं, लिहिली, आणि घरी येताच लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच बोटाने मला हाक मारली. राहिलेलं काम पुरं झालं. पडदा उजळला. मी मधोमध उभा होतो, आणि हलता येईना. ती बोट घासत होती, मला सगळं दिसत होतं, पण जणू कुणी मला खिळ्याने ठोकलं होतं. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. मैत्रिणीकडून, फिदाकडून, माऊस मागून आणला. त्याचा लाल दिवा लागला, मी दगडच.

"देवी कोपली," अम्मा पुटपुटली.

"देवी कशाला कोपेल? म्हातारं झालंय ते," अच्छन म्हणाले. "दुकानात जुना द्या, नवा घ्या असं चाललंय. उद्या देऊन टाकू."

उद्या. ते शब्द ऐकतानाही मला पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन लपता आलं नाही.

आर्द्राने लॅपटॉप पुढे ओढला. ती कळफलकाच्या नुसत्या कळांनी चालू लागली, एक खाली, दोन खाली, मग मागे. एका यादीत मला फिरवणाऱ्या बोटपट्टीच्या आणि माऊसच्या नावांपुढे बिघाडाची पिवळी खूण होती. तिने ती नावं काढून टाकली, म्हणजे लॅपटॉप ती नव्याने शोधेल, आणि तो पुन्हा सुरू करायला लावला. पडदा काळा झाला. मित्रांनो, त्या काळोखात मी काहीही करू शकत नव्हतो. तुमच्या घरातल्या यंत्राचं काम अर्धं असेल, तर त्याचं झाकण लावू नका हो; त्याला सांगता येत नाही.

पडदा उजळला. बोट टेकलं. बोटाला अजून तांदळाची भुकटी होती. मी तसूभर सरकलो. मग आणखी थोडा.

आर्द्रा उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अच्छन, हा दुकानात जाणार नाही. मी मेळ्याला हाच घेऊन जाणार. आणि अम्मा, पुढच्या अष्टमीला याला देवळात तूच ने, पण झाकण मी लावणार."