काळजी घेणारं माणूस

माझी नोकरी नक्की काय आहे हे आईला आजवर कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे धड सांगता येतं! सरकारी कागदाची भाषा एक, माणसांच्या तोंडची दुसरी. माणूस म्हणतो, 'आईला एकटीला उठवत नाही हो.' कागद म्हणतो, 'परावलंबी ज्येष्ठ नागरिक.' दोन्हींतली बाई एकच आहे, आणि तिला अमक्या अमक्या सेवा मिळू शकतात, हे कॉम्प्युटरला समजावणं हे माझं काम. कशाचा कशाशी संबंध, कोण कुणाचं कोण, असं सगळं जोडत बसायचं. नागरिकाने आपल्या शब्दांत दुखणं सांगावं, अर्थ यंत्राने लावावा. पूर्वी लोक या खिडकीतून त्या खिडकीत खेटे घालायचे, आता एक फोन येतो आणि काम होतं. तेवढं मात्र आम्ही खरंच केलं. त्याचा अभिमान वाटायचा मला. आता कशाचंच काही वाटत नाही, झोप तेवढी येते.

आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे, चांगलंच शाबूत आहे. सकाळी तिला उठवायचं, संडासला न्यायचं, अंघोळ, भरवणं, पाठीला पावडर, मग धावत ऑफिस. दुपारी पुन्हा धावत घरी, तिला कूस बदलून द्यायची, पुन्हा ऑफिस. माझी कंबर कामातून गेली. रजा संपली, बिनपगारी संपली, आणि साहेबांनी मला खुर्चीत बसवून, चहा मागवून, फार गोड आवाजात सांगितलं की पुढच्या महिन्यापासून पूर्ण दिवस बसणं जमत नसेल तर जागा मोकळी करावी लागेल. चहा मागवला तेव्हाच मला कळलं होतं. आमचे साहेब उगीच चहा मागवत नाहीत.

दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, परगावी असतो आणि तिथून सल्ले पाठवतो.

"अगं, तुमच्याच खात्याची ती सेवा आहे ना? दिवसा घरी येऊन बघणारी बाई? आता तर म्हणे सगळं सोपं केलंय तुम्ही."

"दादा, तू येऊन राहतोस का महिनाभर?"

"मी कसा येणार? तुला माहितीय माझं."

माहीत होतं. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारची काकू खिडकीत आली. "नोकरी गेली तर आम्ही दोघींनी खायचं काय, तुझे सल्ले?" असं काहीबाही बोलले. आई आतल्या खोलीत होती. झोपली असेल असं मी धरून चालले.

अर्ज मीच केला. त्या सेवेची अट साधी होती: माणूस परावलंबी हवं आणि दिवसा घरात बघणारं कुणी नको. कागदपत्रं लागत नाहीत, यंत्र स्वतः फोन करून रुग्णाशी बोलतं. फक्त रुग्णाशी. मध्ये दुसरं कुणी बोललं तर फोन बंद होतो आणि अर्ज रांगेत मागे जातो, कारण घरचे लोक म्हाताऱ्यांच्या तोंडून हवं ते वदवून घेतात. ही अट माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घालून घेतली होती. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो.

"आईला नीट पढवून ठेव," शंकासुरच मला म्हणाला.

"अट तुझीच ना रे?"

"म्हणून तर सांगतोय."

मी पढवलं. रोज भरवताना पढवलं. "आई, फोनवरची बाई विचारेल, दिवसा कोण असतं? तू म्हणायचं, कुणी नसतं."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठाय? मी ऑफिसात असते, तू एकटी असतेस. परवा तहानेने घसा सुकला तरी पाणी द्यायला कुणी नव्हतं, तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. तुला म्हणाले, लोकांना कशाला सांगू?"

"लोक नाहीत गं, मशीन आहे."

"तुमच्या ऑफिसचं?"

"हो, आमच्याच ऑफिसचं."

"बरं," आई म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं. घास नको होता की विषय नको होता, कोण जाणे.

फोन आला तेव्हा मी पलंगाशेजारीच होते. आईने डाव्या हाताने केस सारखे केले. फोनवर बोलायला! मी स्पीकर लावला आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

"नमस्कार. कशा आहात?" यंत्राचा आवाज मोठा लाघवी आहे. 'आपणास साहाय्यक उपलब्ध आहे काय' असलं ते विचारत नाही, आम्हीच ते काढून टाकलं. शेजारणीशी बोलावं तसं बोलतं.

"मी मजेत आहे," आई म्हणाली.

मजेत? सकाळी 'देवा, ने रे मला' चाललं होतं!

"सकाळी उठायला कुणी मदत करतं का?"

"लेक करते ना. फुलासारखी उचलते मला. एवढीशी आहे, पण ताकद बघाल तर..."

"आणि दिवसा?"

मी हात हलवले, मान हलवली, बोटाने खिडकी दाखवली, दार दाखवलं. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती फोनकडे बघून बोलत होती, समोर कुणी मोठं माणूस बसल्यासारखी, अदबीने.

"दिवसासुद्धा तीच. पाणी उशाशी ठेवते, गोळ्या काढून ठेवते, दुपारी येऊन जाते. पण ऑफिसचं काम बुडवत नाही हो! रात्र रात्र बसून पुरं करते. मला कधी तहानलेलं ठेवलं नाही की ओलं ठेवलं नाही."

"म्हणजे तुमची सगळी काळजी लेक घेते?"

"सगळी. अशी पोरगी मिळायला नशीब लागतं. तुम्ही लिहून घ्या हे."

लिहून घ्यायची गरज नव्हती. यंत्राने बरोबर अर्थ लावला. एक शब्द चुकला नाही त्याचा. आवाज म्हणाला, "ऐकून बरं वाटलं. तुमची काळजी घेणारं माणूस घरात आहे, त्यामुळे सध्या ही सेवा देता येणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. तब्येतीला जपा."

फोन बंद झाला. मी पलंगाच्या कडेला बसले. आयुष्यात या बाईने मला कधी 'बरं केलंस' म्हटलेलं नाही. चहा केला तर साखर कमी, उचललं तर दुखतंय, दादा असता तर असं झालं नसतं. आणि आज, नेमकी आज, तिला माझं कौतुक सुचलं. मला इतका राग आला की तिचा खांदा धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सहा महिन्यांनी मी कुठे असेन? ऑफिसात नक्की नसेन.

"आई, काय पढवलं होतं मी तुला?" एवढंच बोलले.

"अगं, ते ध्यानात होतं माझ्या," आई हळूच म्हणाली. एकदम थकली होती, बोलून बोलून तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. "पण तू दादाशी भांडत होतीस ना, साहेब काढणार म्हणून? मी ऐकलं सगळं. मग म्हटलं, मशीन तुमच्याच ऑफिसचं, साहेबांच्या कानावर जाणारच. आपल्या पोरीचं चार चांगलं आपणच सांगावं. मला बघायला बाई लागेल असं मी कशाला म्हणू? उद्या ते म्हणतील, हिचं घरात लक्ष नाही, कामात काय असणार."

मी तिच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली.

"जाईल ना गं त्यांच्या कानावर?" तिने विचारलं. "आता नाही ना काढणार तुला?"

तिचा डावा हात चादरीवर माझा हात शोधत होता. मी तो धरला.

"नाही काढणार," मी म्हटलं. "तू इतकं सांगितल्यावर कोण काढतंय मला."