कर्नल खाली उतरतो

मर्ल व्होडिचका लिलावाच्या मंचावर एकदा चढला की शेवटचं जनावर विकलं जाईपर्यंत खाली उतरत नसे. असं एकतीस वर्षं चाललं होतं. नेब्रास्कातल्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणाऱ्याला कर्नल म्हणतात, आणि कर्नलनं मध्येच लघवीला जाणं म्हणजे रणातून पळणं, असं मर्लनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

फेब्रुवारीत वासरांचा लिलाव साडेसात तास चालला. त्यात कॉफीचे दोन थर्मास रिचवलेले. सगळं आटोपून गडी मोरीकडे गेला, तर थेंब येईना. पोट टम्म फुगलेलं, घाम फुटलेला. इस्पितळात नळी घातली तेव्हा दीड लिटर निघालं.

"आपली गायसुद्धा एवढं धरून ठेवत नाही," बायको डार्लीन म्हणाली.

"नळी दहा दिवस राहील," टोन्या नावाच्या नर्सनं सांगितलं.

"दहा? अगं पोरी, तीन आठवड्यांवर वळूंचा लिलाव आलाय!"

"मग नीट ऐका. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला घड्या असतात. भरलं की उलगडतात, रिकामं झालं की मिटतात. तुमच्या घड्या संपल्या तरी तुम्ही ताणतच राहिलात. वरचा थर सोलून निघालाय. आता खालच्या पेशी वाढून त्याची जागा घेतील. अस्तर तसं झटपट भरून येतं हो, बाहेरच्या स्नायूला मात्र वेळ लागतो. तोवर मूत्राशय रिकामं राहायला हवं."

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं. जमेल?"

"लग्न झाल्यापासून जमलेलं नाही," डार्लीन म्हणाली.

अकराव्या दिवशी नळी निघाली आणि मर्लला स्वतःहून लघवी झाली. त्या आवाजानं त्याला इतका आनंद झाला की त्यानं आतूनच बायकोला हाक मारली, "ऐकतेस ना?" ती म्हणाली, सगळा मजला ऐकतोय.

दोघं घरी निघताना टोन्यानं बजावलं, "दर दोन तासांनी जायचं. लागलेली नसली तरी. भरल्याची जाणीव अजून नीट परतलेली नाही. पुन्हा ताणलंत तर नळी परत येईल, आणि मग ती निघेलच असं मी सांगू शकत नाही."

वळूंच्या लिलावाला डार्लीन स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ घेऊन पहिल्या रांगेत बसली. ते वाजलं नेमकं दिवसातल्या सगळ्यात देखण्या वळूच्या वेळी. भाव साडेअकरा हजार डॉलरवर पोचलेला. पाठीमागच्या रांगेत बसलेला म्हातारा एल्डन आणि खिडकीजवळचा एक पाहुणा, दोघंही इरेला पेटलेले. अशा वेळी दम घेतला तरी गिऱ्हाईक थंड पडतं.

मर्लनं घड्याळाकडे काणाडोळा केला. डार्लीननं ते डोक्यावर धरून हलवलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. उरलेलं आयुष्य मांडीला लघवीची पिशवी बांधून फिरायचं? त्यानं हातोडा खाली ठेवला.

"मंडळी," तो माइकवर म्हणाला, "कर्नलला लघवीला जायचंय."

मान खाली घालून तो पायऱ्या उतरला. आपलं एकतीस वर्षांचं नाव गेलं, भाव गेला, परत येईपर्यंत निम्मे लोक गाड्या सुरू करून निघालेले असतील, हे तो धरूनच चालला होता.

त्यानं काम उरकलं आणि दार उघडलं. बाहेर रांग लागली होती. बूट घातलेले, टोप्या घातलेले, पाय आवळून उभे असलेले चाळीसएक बाप्ये, थेट कुंपणापर्यंत. सगळ्यात पुढे एल्डन.

"तुम्ही सगळे इथे काय करताय?" मर्लनं विचारलं.

"गाढवा, तू हलायचा नाहीस म्हणून आम्हालाही हलता येत नव्हतं! उठलो आणि तेवढ्यात बोली हुकली तर? एकतीस वर्षं तुझ्यापायी जीव मुठीत धरून बसतोय." एल्डननं त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि एक बोट वर केलं. "आणि बारा हजार. माझे. आता हो बाजूला."