हललेली फुलं

चाळीस वर्षं मी ओळखपत्रांचे फोटो काढले. हनुवटी खाली, डोळे उघडे, हलू नका. हललेला फोटो माझ्या दुकानात थेट केराच्या टोपलीत जायचा. बायको घरी जलरंगात फुलं रंगवायची आणि विचारायची, तुमच्या फोटोतली माणसं एवढी घाबरलेली का असतात? ती गेली तेव्हा तिची मोजून चार चित्रं भिंतीवर होती. बाकीची तिनं मागेल त्याला देऊन टाकली होती.

दुकान बंद केलं आणि घर खायला उठलं. एकदा फुलदाणीतल्या डेलियांपुढे काच उभी केली, तिच्यावर पाणी शिंपडलं, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं आणि कॅमेरा मुद्दाम हलवला. पाकळ्या ओल्या कागदावर रंग पसरावा तशा उतरल्या. अगदी तिच्या हातच्या वाटाव्यात अशा. जे निघालं ते परगावी असलेल्या मुलीला मोबाइलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, 'बघ, काय छान काढलंय.'

एरवी तिचं उत्तर दोन दिवसांनी येतं, तेही नुसता अंगठा. त्या दिवशी पाच मिनिटांत फोन आला. ती रडत होती. आईचं हे चित्र इतके दिवस कुठं होतं, विचारत होती. आता फोटोही आपण काढतो आणि चित्रही काढतो, आणि कुणी काढलं ते मी शहाण्यानं लिहिलंच नव्हतं. खरं सांगणार, तेवढ्यात तिनं विचारलं, अजून आहेत का? माझ्या तोंडून निघून गेलं, आहेत, माळ्यावर सापडतायत एकेक.

मग दर रविवारी एक चित्र सापडू लागलं. गुलाब, शेवंती, एकदा तर कोमेजलेली लिली. दर रविवारी तासभर फोन. तिच्या आवाजाला मी इतका हपापलो होतो, की लाज गुंडाळून ठेवली होती. खरं सांगितलं की फोन बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दहाव्या रविवारी ती म्हणाली, मूळ चित्रं न्यायला येते. आणि आली, हातात चित्रं गुंडाळून न्यायची पुठ्ठ्याची नळी घेऊन. माळ्यावर चढायला खुर्ची मागितली. मी तिला टेबलापाशी नेलं. फुलदाणी, ओली काच, स्टँडवर कॅमेरा.

"ती चित्रं नाहीत. फोटो आहेत. मी काढलेत."

तिनं ओल्या काचेवरून बोट फिरवलं. "एकही आईचं नाही?"

"नाही."

"बाबा, मी दर रविवारी फोन करत होते तो आईसाठी."

"कळत होतं गं. म्हणून तर काढत राहिलो."

तिचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. संध्याकाळची गाडी मिळते का बघते, म्हणाली. निदान जेवून जा, म्हटलं. तेवढं तिनं ऐकलं. आम्ही समोरासमोर बसून जेवलो, आणि रिकामी नळी तिच्या खुर्चीला टेकून उभी होती.